अकरा वेढे

साडेदहाला मी खोली उघडते,
पण पावणेअकराशिवाय आवाज निघत नाही.
व्हॉल्व्हना आधी ऊब लागते.
काचेच्या पोटात नारिंगी तार हळूहळू जागी होते,
तोवर मी कर्णे पुसून घेते,
लहान मुलाचे कान पुसावेत तसे,
फार आत बोट न घालता.

कर्णे सागवानी. दारूखान्यात फोडलेल्या
कुठल्याशा बोटीच्या डेकचं लाकूड.
खिळ्यांची बुजवलेली भोकं अजून दिसतात.
नाक जवळ नेलं तर खारट वास येतो,
किंवा मला तसं वाटतं;
बॅलार्ड इस्टेटच्या तळमजल्यावर
वारा तसाही खाराच.

शाळेची पोरं येतात, विचारतात,
बाई, याला ब्लूटूथ कुठे आहे?
मे महिन्यात कुरिअरवाला येतो,
एसीत दहा मिनिटं डोळे मिटून बसतो.
मी त्याला श्रोता म्हणून नोंदवते.

भिंतीपाशी काचपेटीत एक वही आहे.
केरसास्प भेसानिया, ताडदेव.
ट्रान्सफॉर्मर हाताने गुंडाळायचा हा माणूस.
केसाएवढी तांब्याची तार,
वेढ्याला वेढा चिकटून, तीन हजार दोनशे.
मोजणाऱ्याशी बोलू नये
हे त्या घरात सगळ्यांना ठाऊक होतं,
खोरशेद सोडून.

वही गुजरातीत. सफाईच्या हंसाबेननी
झाडू काखेत धरून मला ती वाचून दाखवली:

चारशे बारा. खोरशेद विचारते, पाव आणला का.
नऊशे सत्तर. खोरशेद: नळाला पाणी आलं.
अठराशे तेहतीस. खोरशेद हसली. कशाला, कळलं नाही.
तेवीसशे सहा की तेवीसशे सोळा?
सहा धरतो.

हा डावा.

उजव्याची पानं दोन वर्षांनंतरची.
शंभर. दोनशे. तीनशे.
आकड्याखाली आकडा, नीट ओळीत,
तीन हजार दोनशेपर्यंत
कुणी काही विचारलेलं नाही.
हंसाबेन पान उलटून पुन्हा मागे गेल्या,
मग म्हणाल्या, बस, एवढंच आहे.

गेल्या महिन्यात पुण्याहून तंत्रज्ञ आला,
मीटर लावून बसला दुपारभर.
म्हणाला, डाव्यात अकरा वेढे जास्त आहेत.
कानाला कळायचं नाही, पण चूक ती चूक.
सोडवून पुन्हा गुंडाळू, दोन दिवसांचं काम.
मी म्हटलं, प्रस्ताव द्या. तीन प्रतींत.
त्याने दिला, बिचाऱ्याने, सहीशिक्क्यासकट.
तो माझ्या खणात आहे,
डब्याच्या रुमालाखाली.

कानाला कळत नाही हे खरंच आहे.
मलाही कळत नाही, नऊ वर्षं ऐकून.
फक्त बरोबर मधोमध असायची ती खुर्ची
मी चार बोटं डावीकडे सरकवून ठेवली आहे.

पावणेसहाला शेवटची तबकडी माझी.
लेबल पुसून गेलंय, बाईंचं नाव गेलं,
भूप तेवढा राहिला.
पहिल्या सुराआधी कुणीतरी पेला खाली ठेवतं,
पितळेवर पितळ,
आणि गाणारी बाई थांबते,
तो आवाज पुरता विरेपर्यंत.
रागावून की सवयीने, सांगता येत नाही.

घरी मी एकटी. पोळ्या दोन,
मोजाव्या लागत नाहीत.

सहा वाजता नोंदवही पुढे ओढते,
पानावर बोट ठेवून आजच्या सह्या मोजते.
पंधरा, सोळा, सतरा,
आणि दारातून हंसाबेन ओरडतात,
चहा घेणार ना गं?

सतरा की अठरा?