सातवा खांब

टपालाची गाडी आता माझीच आहे,
निवृत्त होताना स्वस्तात घेतली.
खाऱ्या वाऱ्यानं तिचा लाल रंग गुलाबी केलाय.
मेंढ्यांना तिची सवय आहे, पक्ष्यांनाही,
म्हणून लपायचं तर तिच्यातच.
काच अर्ध्यावर, काचेवर
ओट भरून शिवलेला लाकलनचा लोकरी मोजा,
मोज्यावर लेन्सचं जड नाक.

कुंपणाचा सातवा खांब.
तारेच्या काट्यांना लोकरीचे पुंजके
आणि वर ते पिल्लू:
मानेवर पांढरा ठिपका, अंगभर पट्टे,
शेपूट अजून अर्धीमुर्धी,
पण तोंड
अख्ख्या घरट्याएवढं.
ओरडतंही एकटंच पाच जणांचं,
सी-सी-सी-सी, श्वास न घेता.

तीरचिमणी येते.
पाय टेकायला जागा नाही, म्हणून
त्याच्याच खांद्यावर उतरते
आणि त्या नारिंगी खड्ड्यात
मानेपर्यंत डोकं घालते.
दर वेळी वाटतं, गेली.
दर वेळी ओल्या डोक्यानं बाहेर येते
आणि पुन्हा गवतात.

आमच्या बेटावर तिला म्हणतात कुक्कूची दासी.
नाव ठेवणाऱ्यानं कधी
कुणाला भरवलं नसावं.

जूनमध्ये ह्याच पिल्लानं,
डोळेही उघडले नव्हते तेव्हा,
तिची अंडी पाठीवर घेऊन बाहेर लोटली.
मला ठाऊक आहे.
तिला ठाऊक आहे का,
ते फोटोत येत नाही.

फोटो चारशे अकरा.
निम्म्यांत नुसता खांब,
काहींत पंखाचा धुरकट कोपरा,
एकात गाडीचा आरसा आणि आरशात माझं कपाळ,
चिलटांनी फोडलेलं.

सहाव्या दिवशी बारीक पाऊस होता.
पिल्लू खांबावरून खाली उतरलं, धडपडलं,
एक केसाळ अळी उचलली,
दोनदा आपटली, गिळली.
पुन्हा वर येऊन गप्प बसलं.
तेवढ्यात ती आली, चोच भरून.
खांद्यावर उतरली. वाट पाहिली.
त्यानं तोंड उघडलं नाही.
पश्चिमेकडे बघत होतं, नुसत्या पाण्याकडे.
ती एका पायावरून दुसऱ्या पायावर झाली,
आणि मग आणलेला घास
स्वतःच खाल्ला.

माझं बोट बटणावर होतं.
होतं तिथेच राहिलं.

ज्यांनी त्याला जन्म दिला
ती दोघं कधीच आफ्रिकेच्या वाटेला लागली.
ह्याला कोणी काही सांगितलेलं नाही.
एकतीस वर्षं मी पत्ते वाचले,
चुकलेले, भिजलेले, माणूस मेल्यावर आलेले.
कोरं पाकीट पोचलेलं
एकदाही पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी खांब रिकामा.
तिसऱ्या दिवशीही मी गेले.
ती तारेवर होती. चोचीत काही होतं की नव्हतं,
इतक्या लांबून कळेना.

लाकलन दारात उभा होता, टोपीवरून पाणी गळत.
म्हणाला, मिळाला का शेवटी?
मी कॅमेरा पुढे केला.
बराच वेळ पाहत राहिला, चष्मा वर, चष्मा खाली.
पेगी, ह्यात तर खांबच आहे.

हो, म्हटलं. तूच पुरलेला.
आत ये, भिजतोयस.