नववा सेल

सकाळी दहाला सूर्य डोंगरावरून डोकावतो,
तीनला परत जातो.
चिलीच्या या दक्षिण टोकाला जूनमध्ये इतकंच.
गाऱ्हाणं ऐकायला जवळपास कुणी नाही,
म्हणून एर्मिंदा बार्रिआ बॅटऱ्यांशी बोलते.

शेडचं दार उघडायचं, मग थांबायचं.
सिगारेट बाहेर.
वायू छताशी साचतो, त्याला आधी जाऊ द्यायचं.
अंगात तोच स्वेटर,
आम्लानं कोपराशी चाळण केलेला.
चांगला स्वेटर घालून इथं येणारा
एकदाच येतो.

टर्मिनलवर हिरवट फुलोरा.
सोड्याचं पाणी, जुना टूथब्रश, वर व्हॅसलिनचं बोट.
बाहेर पाऊस बाराही महिने,
यांना पाजायचं पाणी मात्र
कॅनमधून, बोटीनं, विकत.

बारा सेल, बारा झाकणं.
नळीत आम्ल ओढायचं, काचेतला तरंगता आकडा
डोळ्यांच्या रेषेत धरायचा.
बाराशे साठ. बाराशे पंचावन्न. बाराशे साठ.
नववा: अकराशे नव्वद.

"सगळ्यांना उकळी फुटली तरी
याच्या पोटातलं पाणी हलत नाही,"
वाल्देमार म्हणायचा.
वहीत मार्चपर्यंत त्याचं अक्षर,
साताच्या कमरेवर आडवी रेघ.
एप्रिलपासूनच्या सातांना रेघ नाही.

बुधवारच्या बोटीनं भाचा आला, एलिएसेर,
पोत्यात गुंडाळलेला नवा सेल घेऊन.
धक्क्यापासून चढावर चारदा टेकला.
"काढू ना नववा, मामी?"

"जुन्यांत नवा घातला
की हे अकरा जण मिळून
महिन्याभरात त्याला आपल्या वयाचा करतील.
राहू दे.
रविवारी जनरेटर लाव. सगळ्यांना जास्तीचं देऊ."
"एकासाठी?"
"डिझेल माझं आहे."

रविवारी फ्रीज बंद, दिवे बंद,
शेडमध्ये अकरा सेल
तांदळासारखे रटरटत राहिले.
चौथ्या तासाला एर्मिंदानं
नवव्याच्या झाकणाला कान लावला
(लावू नये, भाच्याला तिनंच सांगितलं होतं).
एक बुडबुडा.
मग बराच वेळ काही नाही.
मग दुसरा.

संध्याकाळी बाराशे दहा.
एलिएसेर म्हणाला, हे काही बरं होणं नव्हे.
ती म्हणाली, नाहीच.
आणि वहीत लिहिलं.

नवा सेल अजून शेडपाशी उभा आहे, पोत्यासकट.
वाऱ्यानं दार आपटू नये
म्हणून सध्या त्याचा उपयोग होतो.