जसं होतं तसं

टब काढायला शफीउल आला,
बरोबर एक पोरगा आणि घण.
म्हणाला, भाभी, ओतीव लोखंड आहे, जुना माल,
फोडू की उचलू?
म्हटलं, फोडायचा नाही.
करारात लिहिलंय: घर सोडताना
जसं होतं तसं करून द्यावं.

एकतीस वर्षांनी, जसं होतं तसं.
मला मोजत बसावंसं वाटलं,
पण शफीउल चहा संपवून उठला होता.

रंग फिका गुलाबी, लहान मुलांच्या औषधासारखा.
रुवीतल्या या घरात शिरताना मुकुंदा हसला होता,
साहेब झालो की काय आपण!
मग सासूबाई आल्या तीन महिन्यांच्या व्हिसावर,
काठाला धरून आत डोकावल्या, म्हणाल्या,
साचल्या पाण्यात म्हशी बसतात.
आत बादली ठेवली, बादलीत तांब्या,
आणि उभ्यानं, नद्यांची नावं घेत, न्हायल्या.
तेव्हापासून तो आमची मोरी,
जरा उंच काठाची.

जून लागला की गच्चीवरची टाकी उकळायची.
गार पाण्याचा नळ सोडावा तर चटका.
गीझर बंद ठेवून त्यातलं पाणी गार म्हणून वापरतो,
हे पत्रात लिहिलं तर गावी कुणाला पटेना.
रात्री दहाला मी टब भरून ठेवायची,
पहाटेपर्यंत पाणी निवायचं.
निवायचं. शफीउलला सांगायला गेले,
हिंदीत शब्दच सापडेना.
मुकुंदा साइटवर निघण्याआधी
कोपर बुडवून पाहायचा,
केतकी तान्ही असताना पाहायचा तसाच.

गोनू वादळात रस्ते वाहून गेले, नळ कोरडे पडले.
टबातलं पाणी चार बिऱ्हाडांनी
तांब्यानं मोजून घेतलं.
समोरच्या फिलोमिनाबाईंनी नंतर
आमच्याच पेढ्यांच्या डब्यातून केक पाठवला.

या मार्चमध्ये मुकुंदाचा पाय
काठावरून आत जाता जाता राहिला.
दोन विता काठ.
आता खुब्यात सळई आहे
आणि हट्ट पूर्वीचाच.

फरशी उखडली तेव्हा टबाखाली निघाली
फटीतून गेलेली केतकीची पिवळी क्लिप,
सुकून कागद झालेली एक पाल,
आणि भिंतीवर पेन्सिलीनं, मल्याळीत,
कुणा गवंड्यानं केलेली बेरीज.
वाचायला कुंजुमोनला बोलावलं, आमच्या नातूरला.
चष्मा पुसत तो म्हणाला,
पगाराचा हिशेब आहे, घरी किती पाठवायचे त्याचा.
थोडा वेळ बघत राहिला.
हातचा एक विसरलाय.
शफीउलनं त्यावर सिमेंट मारलं.
मी थांबवलं नाही.

सहा जणांनी टब गच्चीवर नेला.
जिन्याचा कठडा दोन ठिकाणी खरचटला, त्याचे पैसे वेगळे.
अर्बाबाचा मुलगा येऊन पाहून गेला,
हसला, आंटी, आता टब कोण मागतं?
पण कागद तो कागद.

काल वाळलेले कपडे काढायला वर गेले.
टब टाकीच्या मागे, तळाशी धूळ, साळुंकीचं एक पीस,
डिशच्या वायरचा तुकडा.
इकडेतिकडे पाहिलं.
कपडे काठावर टाकले आणि आत बसले,
मग आडवी झाले.
पाय लांब केले तरी टाचा
पलीकडच्या टोकाला पोचेनात.
एवढा मोठा होता?
दिवसभराचं ऊन लोखंडात उरलेलं, पाठ शेकत होती.
वर आकाश, कडेला करड्या डोंगराची एक धार.
पाइपातून नव्या शॉवरचा आवाज येत होता,
खाली मुकुंदा प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून न्हात होता.
त्याला अजून दहा मिनिटं तरी लागणार.
मी उठले नाही.