घराण्याची खूण

आमच्या पोव्होआत कोळी आडनाव विचारत नाहीत.
होडीवर, वल्ह्यावर, जाळ्याच्या बुचांवर
प्रत्येक घराण्याची कोरलेली खूण.
थोरल्यानं बापाच्या खुणेत एक रेघ वाढवायची,
मधल्यानं दोन,
शेंडेफळाला मात्र ती जशीच्या तशी.

बाबांची एक चप्पल वाळूतच राहिली
आणि ते घरापर्यंत तसेच चालत आले.
आई ओरडली, "दुसरी कुठंय?"
ते खाली बघून हसले. मीही हसले.
पुढं तळव्यात गळ रुतलेला सापडला,
दोन दिवसांचा.
गावात याला पावलांचं दुखणं म्हणतात.
मी म्हणेन, न दुखणं.

पोर्तोच्या इस्पितळात
घोट्यामागून मज्जातंतूचा तुकडा काढला,
जाळं सांधायच्या दोऱ्याइतका जाड.
संमतीच्या कागदावर बाबांनी सहीऐवजी खूणच काढली.
कारकुनानं विचारलं, हा कसला पक्षी?

डॉक्टर तेलेशबाईंनी मला भिंगातून बघू दिलं:
तांबडा रंग चढवलेला तो धागा,
आणि त्यांनी काच जराशी फिरवताच
मधेमधे कच्च्या सफरचंदाचा हिरवा.
इतकं देखणं काही आमच्या घरात
कुणी पाहिलं नव्हतं.
त्याची लाज अजून वाटते.

बेल्मीरूच्या वेळी कापाकापी नव्हती.
दंडातून चमचाभर रक्त, मग सहा आठवडे.
एक अक्षर बदललंय, बाई म्हणाल्या,
एवढ्या मोठ्या मजकुरात एकच.
बेल्मीरू शेंडेफळ. होडीवरची खूण त्याची.
"म्हणजे हेही मला जसंच्या तसं," तो म्हणाला,
आणि गाडीपाशी किल्ली शोधत राहिला.
ती त्याच्या मुठीतच होती.

पण हे अक्षर थोरलं-धाकटं बघत नाही,
दर पाळण्यापाशी नव्यानं नाणं उडवतं.
माझंही रक्त गेलं.
माझ्यात ते नाही.
घरी हे कसं सांगितलं, आठवत नाही.
आईनं सार्डिन उलटले, एवढं आठवतं;
एक बाजू करपली होती.

आता गोळ्या निघाल्यात. बाबांच्या वेळी नव्हत्या.
रविवारी मी त्याच्या पायाची नखं काढते.
घमेल्यात पाणी ओतते,
आधी माझं कोपर घालते.
"गरम आहे?" तो विचारतो.
"बेताचं आहे."
आणि माझ्या शब्दावर तो पाय बुडवतो.