शून्य बघा

अक्कलकोट रोडच्या पंपावर
दिवसभर माझं एकच वाक्य:
शून्य बघा.

बोल्लीकाका बघत नाहीत.
लूनावर सोलापुरी टॉवेलांचे गठ्ठे, दिवाळीत पाच होते,
आता सात, एकाच खेपेत.
"शंभरचं टाक गं."
दर काहीही होवो, शंभरचंच.
लिटरचा आकडा दरवेळी जरा अलीकडे थांबतो
आणि काका माझ्याकडे बघतात,
जणू माझ्याच नळीला भोक आहे.

दुपारी डब्यात कडक भाकरीखाली पेपर होता.
कंपनीचा नफा, तिमाहीचा.
शेंगाचटणीचं तेल
नेमकं त्या आकड्यावर पसरलेलं;
शून्यं मोजता येईनात.

सुटल्यावर पायीच निघाले.
चढावर काका, लूना ढकलत.
मी मागून गठ्ठ्यांना हात लावला.
न वळताच म्हणाले,
शून्य बघ गं.