सुरमा

जर्दाळू खायचा, बी फोडायची,
आतला गर मिठात परतून हिवाळ्यासाठी बरणीत.
उरतं ते टरफल.
ते चुलीत जातं, दरवर्षी.

यंदा मी दारोदार फिरले :
टरफलं जाळू नका, शाळेत आणून द्या.
सायराकान म्हणाली, रसायनशास्त्र शिकवता शिकवता
बुरुलचा बाई भंगारवाली झाली.
पण दोन पोती तिनंच पाठवली,
निवडून, पाखडून, जणू तांदूळच.

गावाच्या वर डोंगराला भगदाड आहे,
त्यातून वडिलांनी एकवीस वर्षं सुरमा काढला.
हो, तोच. डोळ्यांत घालतात तो.
कारखान्याच्या कागदांवर त्याचं नाव अँटिमनी,
आणि जास्त काढला की छातीवर बिल्ला.
एकदा त्यांनी खिशातून खडा आणला,
आईनं तो कुटला, वस्त्रगाळ केला,
आणि काडीनं डोळ्यांत घालून
कितीतरी वेळ आरशासमोर बसून राहिली.
तेवढाच काय तो त्या डोंगराचा
आमच्या घराला झालेला दागिना.

खाण बंद पडली. बिल्ले शिवणाच्या डब्यात गेले.
राखाडी ढीग मात्र राहिला, ओढ्याच्या उशाशी,
आणि बर्फ वितळलं की
थोडा थोडा खाली उतरतो.
पाणी नितळच दिसतं.
पण कुठेतरी पाणी मुरतंय
हे आम्हांला वडिलांच्या हाताच्या कातडीवरून कळायचं.

तर मग :
टरफलं भरडली, आम्लात भिजवली,
पत्र्याच्या डब्यात कोंबून झाकण दाबलं,
झाकणाला खिळ्यानं एक भोक,
आणि डबा भट्टीत.
भोकातून आधी धूर, मग निळसर ज्योत, मग काहीच नाही.
आठवीतला एर्मेक म्हणाला, बाई, मेलं का ते?
मी म्हटलं, आता कुठं त्याला भूक लागली आहे.

कोळसा उगाळावा तितका काळाच, खरं आहे.
पण या काळ्याच्या आत
न दिसणाऱ्या इतक्या खोल्या आहेत
की चमचाभर भुकटीच्या भिंती सोलून पसरल्या
तर शाळेचं पटांगण पुरणार नाही.
सुरमा तरी नुसत्या खोल्यांना भुलत नाही,
हे तिसऱ्या खेपेला कळलं.
मग गंजके खिळे व्हिनेगरमध्ये बुडवले,
त्या तांबूस पाण्यात कोळसा रात्रभर ठेवला,
लोखंड भिंतींना चिकटलं,
आणि लोखंडाला सुरमा.

ओशच्या प्रयोगशाळेचा कागद आला :
आधी शहाण्णव. नंतर अकरा.
मी तो फळ्यावर लावला, कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत,
कारण घंटा झाली होती.
सायराकाननं त्याच पाण्याचा चहा केला,
घोट घेतला, तोंड वाकडं केलं :
पूर्वीसारखी चव नाही.

अकराव्या आठवड्यात आकडा पुन्हा चढला. चाळीस.
खोल्या भरल्या.
आता हा कोळसा कुठं ठेवायचा?
चुलीत नाही, बागेत नाही,
ओढ्यात तर नाहीच.
पाण्यातून काढलेलं काही नाहीसं होत नाही,
फक्त त्याचा पत्ता बदलतो,
हे मी मुलांना शिकवते
आणि डब्यांवर तारीख लिहून
प्रयोगशाळेच्या कपाटात वरच्या फळीवर ठेवते.
सात डबे झालेत. कपाटाला कुलूप आहे, किल्ली माझ्या गळ्यात.

काल एर्मेकनं विचारलं,
डोंगर भरेल एवढी टरफलं गावात आहेत का?
मी हिशोब मांडला. फळा पुरला नाही.
तो म्हणाला, बरं,
आणि आणखी एक पोतं आत ओढलं.

रात्री आईचा आरसा पुसताना
काठाशी काळं बोट उमटलं.
कोळशाचं, माझंच.
मी ते डोळ्याजवळ नेलं,
आणि साबण शोधायला उठले.