पाचवी ब, तिसरा तास

फळ्यावर मी माणसाची आकृती काढली.
डोकं जरा मोठंच झालं, पोरं हसली.
मग हसू थांबलं,
कारण अवयवांची नावं मी सरळ घेतली,
आमच्या वेळी कुणीच न घेतलेली.

बाहेर कंपनीचा भोंगा. सातपूरला
आमचे तासही त्यावरच चालतात.

भावेश पगार म्हणाला, बाई,
गेममधला एक दोस्त आहे माझा,
बारा वर्षांचा, गंगापूर रोडला राहतो.
फोटो पाठव म्हणतो, घरी सांगू नको म्हणतो.
पण सोमेश्वरचा धबधबा
त्याला माहीतच नाही.

वर्ग गप्प.
मागच्या बाकावरून अल्फिया:
"मग तो बारा वर्षांचापण नसेल."
माझ्या तीन दिवसांच्या प्रशिक्षणात
इतकं स्वच्छ वाक्य एकदाही आलं नव्हतं.

मग 'नाही' म्हणायचा सराव.
जूनमध्ये याच पोरांकडून
'मोठ्यांचे ऐकावे' पन्नास वेळा लिहून घेतलं होतं,
सुवाच्य अक्षरात.
आता ओरडा म्हटलं तर घशात अडकत होतं.
अडकता अडकता असं सुटलं
की शेजारच्या वर्गातले आहेर सर डोकावून गेले.

मनस्वी गांगुर्डे हजेरीलाही पुटपुटते.
ती उभी राहिली.
"बाई, तुम्ही माझा गाल ओढता ना,
ते मला नाही आवडत."

बरं झालं, हातात खडू होता.
"बरोबर," मी म्हणाले, "असंच म्हणायचं."
आवाज जरा उशिराच निघाला.

मग वळून
फळ्यावरच्या माणसाच्या गालावरही
एक फुली मारली.